न्युरेंबर्ग: दोन दिवस, सहा सॉसेज आणि एक शाकाहारी सासूबाई

या वेळच्या प्रश्नांत गंमत अशी झाली की चौघापाचांनी जर्मनीतल्या एकाच गावाबद्दल विचारलंय, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले आणि हा अख्खा कॉलम न्युरेंबर्गला देऊन टाकला. स्टेशनवर अनाउन्समेंटमध्ये न्युर्नबेर्ग असं काहीतरी ऐकू येईल, गोंधळू नका, तेच ते.

प्रश्न: आम्ही दोघं साठीच्या पुढचे, ठाण्याचे. मुलगा म्युनिकला असतो, मे महिन्यात त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो न्युरेंबर्ग सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, राहायची गरज नाही. ह्यांचे गुडघे दुखतात. एका दिवसात होईल का? काय बघावं, काय खावं? — एक वाचक, ठाणे

उत्तर: मुलाचं गाडीचं गणित बरोबर आहे. म्युनिकहून आयसीई ही जलद गाडी तासाभरात पोचवते. पण त्याचा सल्ला मात्र ऐकू नका, किमान दोन रात्री राहा. एका दिवसात जाऊन येणारे लोक काय करतात, तर स्टेशनवरून निघतात, गर्दीच्या रस्त्यानं चौकात येतात, चढ चढून किल्ला बघतात, धापा टाकत खाली येऊन सॉसेज खातात आणि पळतात. या गावात दोन वेगवेगळी गावं आहेत, एक मध्ययुगातलं आणि एक हिटलरच्या काळातलं, आणि दोन्ही एकाच दिवशी बघायला गेलात तर डोकं बधिर होतं, दुसऱ्याला न्याय मिळत नाही.

आधी तिकीट. आयसीईचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं, ऐनवेळी काढलं तर डोळे पांढरे होतात. वेळ असेल तर बायर्न तिकीट, म्हणजे या राज्यात दिवसभर चालणारं तिकीट घ्या, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत माणसं जातात, जितकी जास्त तितकं माणशी स्वस्त, पण ते फक्त साध्या रिजनल गाड्यांना चालतं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवार मात्र मध्यरात्रीपासून. रिजनल गाडीला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, खिडकीबाहेर बघत जायचं. आयसीईत हे तिकीट घेऊन चढू नका, टीसी ऐकून घेत नाही.

आता गुडघे. किल्ला गावाच्या वरच्या टोकाला आहे आणि स्टेशन खालच्या टोकाला, त्यामुळे सगळे खालून वर चढत जातात. तुम्ही उलटं करा. स्टेशनवरून यू-बान म्हणजे मेट्रोनं प्लेररला जा, तिथे चार नंबरची ट्राम पकडून टिअरगेर्टनरटोर या स्टॉपला उतरा. तटबंदीच्या दरवाज्यातून आत शिरलात की थेट किल्ल्याच्या पायथ्याशी, थोडाच चढ उरतो आणि मग दिवसभर उतरतच यायचं. रस्ते दगडी आहेत, सँडल नको, चांगले बूट घाला.

कैसरबुर्ग म्हणजे बादशहाचा किल्ला उन्हाळ्यात नऊला उघडतो. 1356 च्या शाही फर्मानात लिहून ठेवलं होतं की नवा राजा निवडला की त्यानं पहिली राजसभा न्युरेंबर्गलाच भरवायची, म्हणजे गावाचा मान काय होता बघा. आत एक खोल विहीर दाखवतात, जवळपास पन्नास मीटर, गाइड वरून पाणी ओततो आणि आवाज यायला किती वेळ लागतो ते ऐकवतो. गोल बुरुजावर ह्यांनी चढायची काही गरज नाही, किल्ल्याच्या कठड्यावरूनसुद्धा लाल कौलांचं सगळं गाव दिसतं. आणि ते बघताना एवढं लक्षात असू द्या की 2 जानेवारी 1945 च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळजवळ सपाट झालं होतं, तुम्ही जे बघताय त्यातलं बरंचसं परत उभं केलेलं आहे.

खाली आलात की आल्ब्रेख्ट ड्युररचं घर. हा जर्मनीचा मोठा चित्रकार, 1509 पासून 1528 साली मरेपर्यंत इथेच राहिला. आपल्या लोकांनी इथे एका गोष्टीसाठी तरी जावंच. ड्युररचं गेंड्याचं चित्र जगप्रसिद्ध आहे, 1515 सालचं, लाकडी ठशावरून छापलेलं. तो गेंडा गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना भेट दिलेला, गोव्याहून जहाजात चढवून लिस्बनला धाडलेला. ड्युररनं तो कधी बघितलाच नाही, कुणाच्या तरी पत्रातलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर काढला, म्हणून त्याला चिलखत घातल्यासारखे पत्रे दिसतात आणि मानेवर एक जादाचं शिंग. पुढे कित्येक वर्षं युरोपातल्या लोकांना गेंडा असाच दिसतो असं वाटत होतं. (घरासमोरच्या चौकात एक भला मोठा, भीतीदायक कांस्याचा ससा आहे, ती ड्युररच्याच सशाच्या चित्रावरून 1984 साली केलेली मूर्ती. मला काही ती आवडत नाही, पण फोटो सगळेच काढतात.)

तिथून वाइसगेरबरगासं नावाच्या गल्लीतून हळूहळू खाली या, लाकडी चौकटींची जुनी घरं आहेत, आणि बाराच्या आत हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात पोचा. बाराच्या ठोक्याला फ्राउएनकिर्षं या चर्चच्या दर्शनी भागावरचं 1509 सालचं घड्याळ चालू होतं, सात इलेक्टर, म्हणजे राजा निवडणारे सरदार आणि धर्मगुरू, निघतात आणि मधल्या बादशहाभोवती फिरून मुजरा करतात. लोक टाळ्या वाजवतात. पण हा बादशहा म्हणजे चौथा कार्ल, आणि या जागेवर पूर्वी ज्यूंचं प्रार्थनास्थळ आणि वस्ती होती, 1349 मध्ये ती त्याच्या परवानगीनं पाडली गेली, शेकडो ज्यू मारले गेले आणि मग तिथे हा चौक आणि हे चर्च उभं राहिलं. त्यांना फिरताना बघायला काहीच हरकत नाही, फक्त माहीत असावं. चौकातच साधारण एकोणीस मीटर उंच कारंजं आहे, त्याच्या जाळीत अडकवलेली सोन्याच्या रंगाची कडी तीनदा फिरवून इच्छा मागतात, रांग असते.

आणि आता जेवण, साडेबाराच्या आत, नाहीतर जागा मिळत नाही. न्युरेंबर्गचं सॉसेज आपल्या करंगळीएवढं, सात ते नऊ सेंटिमीटर, वजन वीस-पंचवीस ग्रॅम, आत मार्जोरम नावाचा वाळलेला पाला, आणि खरं करणारे ते बीचच्या लाकडावर भाजतात. 2003 पासून नावाला युरोपियन युनियनचं संरक्षण आहे, गावाबाहेर केलेल्याला हे नाव लावता येत नाही. मेनूवर सहा, आठ, दहा, बारा असे आकडे असतात, सहापासून सुरुवात करा, सोबत आंबवलेला कोबी किंवा बटाट्याचं सॅलड आणि किसलेला मेरेटिष, म्हणजे हॉर्सरॅडिशचं झणझणीत मूळ, तो फेसलेल्या मोहरीसारखा सरळ नाकात जातो, तेव्हा जपून. सेबाल्ड चर्चजवळचं ब्राटवुर्स्टहॉइसलं सोयीचं आहे, गर्दी असते पण काम भराभर चालतं. शांतपणे बसायचं असेल तर त्सुम गुल्डन श्टेर्न, ते 1419 पासूनचं म्हणून सांगतात, थोडं आडबाजूला आहे, मला तेच जास्त आवडतं. भूक कमी असेल तर रस्त्यावर पावात तीन सॉसेज घालून देतात, ड्राय इम वेक्ला म्हणायचं, चार-पाच युरोच्या आसपास काम होतं. हे सगळं डुकराचं मांस आहे, हे सांगायला नको पण सांगते.

दुपारी लोरेन्झ चर्च. छताला लटकलेलं फाइट श्टॉसचं लाकडी शिल्प आणि आडाम क्राफ्टनं कोरलेला वीसेक मीटरचा दगडी मनोरा, एवढं बघितलं तरी पुरे. मग नदीकाठी बसा. पहिल्या दिवशी आणखी काही कोंबू नका. जुन्या गावाखाली दगडात खोदलेली तळघरं आहेत, बिअर ठेवायला केलेली आणि युद्धात लोक तिथे लपलेले, टूर छान आहे पण पायऱ्या आहेत आणि मे महिन्यातसुद्धा आत स्वेटर लागतो, गुडघे बघून ठरवा.

दुसरा दिवस हिटलरच्या गावासाठी. नाझी पक्षाचे अवाढव्य मेळावे इथे भरायचे, त्या मैदानावर पन्नास हजार माणसांसाठी बांधायला घेतलेलं, रोमच्या कोलोसियमची नक्कल केलेलं सभागृह अजून छपराविना अर्धवट उभं आहे, त्याच्याच एका टोकाला डोकुमेंटाझिओन्सत्सेंट्रुम हे म्युझियम. तिथे काही वर्षं नूतनीकरण चाललंय, जाण्याआधी सध्या कुठलं प्रदर्शन उघडं आहे ते त्यांच्या साइटवर बघून घ्या. स्टेशनवरून ट्राम जाते. बाजूच्या तळ्याभोवती लोक सायकली चालवत, कुत्री फिरवत असतात, आणि ज्या झेपेलिन मैदानात सैन्य संचलन करायचं तिथे आता रॉक म्युझिकचा फेस्टिवल होतो. हे बघून बरं वाटतं की विचित्र, ते तुम्हीच ठरवा, माझं दर वेळी वेगळं होतं.

जेवून झालं की यू-वनच्या मेट्रोनं बेरेनशांत्सं स्टॉपला जा, तिथल्या कोर्टात खोली नंबर 600. 20 नोव्हेंबर 1945 ते 1 ऑक्टोबर 1946 या काळात ग्योरिंग वगैरे नाझी पुढाऱ्यांवर खटला इथेच चालला, बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तिघं सुटले. 2020 पर्यंत या खोलीत साधे खटलेही चालायचे. वरच्या मजल्यावर प्रदर्शन आहे, इंग्रजी ऑडिओ मिळतो. मंगळवारी बंद असतं. आणि गावातली बरीचशी बाकीची म्युझियम सोमवारी बंद, म्हणजे रविवार-सोमवार-मंगळवार अशी ट्रिप अजिबात आखू नका. बुधवार ते शुक्रवार सगळ्यात उत्तम.

प्रश्न: आम्ही श्टुटगार्टला राहतो. पुण्याहून सासूबाई आल्यात, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मला आणि नवऱ्याला फ्रँकोनियन, म्हणजे न्युरेंबर्गच्या भागातलं, जेवण खायचंय, त्यांना रोज पिझ्झावर ठेवायला लाज वाटते. काय करू? — एक वाचक

उत्तर: लाज वाटून घेऊ नका, पण थोडा गृहपाठ करा. अडचण मेनूत मांस दिसतं त्याची नाहीच, जे दिसत नाही त्याची आहे. आंबवलेला कोबी बघून आपण म्हणतो भाजीच आहे, तो बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत शिजवतात. इकडचं बटाट्याचं सॅलड मेयॉनेजचं नसतं, गरम सूप घालून मुरवतात आणि ते सूप बहुतेकदा मांसाचं. बटाट्याचा क्लोस म्हणजे मोठा उकडलेला गोळा, तो निर्धोक असू शकतो, पण वरची ग्रेव्ही भाजलेल्या मांसाची. बटाट्याच्या सूपमध्ये बेकनचे बारीक तुकडे. नुसतं व्हेजिटेरियन का विचारलं की कधीकधी हो म्हणतात आणि बेकन तसंच येतं, म्हणून सरळ तीन गोष्टी विचारा: ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने फ्लाइशब्रुए, म्हणजे मांस नको, बेकन नको, मांसाचं सूप नको. अंड्यासाठी ओने आय.

अंडं नाही म्हटल्यावर केझेश्पेट्झलं हा चीज घातलेला नूडल्सचा प्रकार बाद होतो, त्यात अंडं असतंच. ब्रेडचे गोळेही बाद. राहिलं काय, तर ओबात्सदा, म्हणजे मऊ चीज, लोणी, कांदा, लाल पेप्रिका एकत्र कालवून ताज्या ब्रेत्सेलबरोबर (गाठ मारलेला खारा पाव), सासूबाईंना हे नक्की आवडेल, तिखटासाठी पर्समध्ये चटणीची पुडी असेलच. मात्र चीजमध्ये रेनेट नावाचा प्राण्याचा घटक असू शकतो, त्या ते पाळत असतील तर हेही विचारावं लागेल. क्रीममधले मशरूम मिळतात, ते बटाट्याच्या गोळ्याबरोबर मागा, त्यात अंडं नाही ना तेवढं मात्र विचारा.

आणि एप्रिल ते 24 जून या काळात गेलात तर पांढरं अ‍ॅस्परॅगस, श्पार्गेल. न्युरेंबर्ग, फ्युर्थ आणि एर्लांगेन यांच्या मध्ये क्नोब्लाउख्सलांड नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे, तिथून सकाळी काढलेलं दुपारी चौकात येतं. उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी, एवढंच सांगा, पिवळा सॉस नको म्हणा कारण त्यात अंड्याचा बलक. या एका ताटासाठी मी म्हणेन की सासूबाईंची ट्रिप मे महिन्यातच करा, बाकी हंगामात त्यांना खरंच थोडं कमी मिळेल.

ब्रेत्सेलची गंमत अशी की रस्त्यावरच्या ब्रेत्सेन कोल्बच्या टपऱ्यांवर ते कापून आत लोणी किंवा चीज भरून देतात, दुपारचं जेवण उरकतं. आणि एका वेळेला सरळ इंडियन रेस्टॉरंटमध्ये जा की, एर्लांगेनच्या कंपन्यांमुळे आणि युनिव्हर्सिटीमुळे या भागात आपले लोक भरपूर आहेत. तीन दिवसांत एकदा वरणभात खाल्ला म्हणून ट्रिप वाया जात नाही.

एक राहिलं, पाणी. नळाचं पाणी प्यायला उत्तम, पण हॉटेलात फुकट ठेवत नाहीत, बाटली मागवली तर बिअरएवढे पैसे. टेबलावर ब्रेत्सेलची टोपली असली तर जेवढे खाल तेवढे बिलात लागतात.

प्रश्न: मुलं सहा आणि नऊ वर्षांची. चर्च आणि किल्ले बघून कंटाळतात. त्यांच्यासाठी काही? — वाचक, आइंडहोवन

उत्तर: भरपूर. हे खेळण्यांचं गाव आहे, कार्लश्ट्रासंवर खेळण्यांचं म्युझियम आहे, आणि जवळच त्सिर्नडॉर्फला प्लेमोबिल या खेळण्यांच्या कंपनीचा मोठा पार्क, उन्हाळ्यात तिथे अख्खा दिवस जातो, टॉवेल आणि कपड्यांचा एक जादा जोड न्या कारण पाणी आहे. पाऊस पडला तर स्टेशनजवळचं रेल्वे म्युझियम. जर्मनीतली पहिली आगगाडी 7 डिसेंबर 1835 ला न्युरेंबर्गहून फ्युर्थला धावली, जेमतेम सहा किलोमीटर, आडलर नावाचं इंजिन इंग्लंडहून स्टीफन्सनच्या कारखान्यातून आणलेलं. आपली बोरीबंदर-ठाणे त्यानंतर अठरा वर्षांनी, 1853 मध्ये. मूळ इंजिन उरलं नाही, प्रतिकृती आहे. या गाडीनं 1836 मध्ये पहिल्यांदा माल वाहिला तो म्हणजे बिअरची दोन पिंपं, हे मुलांना नाही, तुम्हाला सांगतेय. आणि यू-टू, यू-थ्री या मेट्रोला ड्रायव्हर नसतो, सगळ्यात पुढच्या काचेशी मुलांना उभं करा, सगळी ट्रिप विसरतील पण हे लक्षात ठेवतील.

प्रश्न: मी एर्लांगेनला मास्टर्स करतेय, आईबाबा डिसेंबरात येतायत. ख्रिसमस मार्केट इतकं गाजलेलं आहे ते खरंच तेवढं आहे का? आणि घरी न्यायला काय घेऊ? — एक विद्यार्थिनी

उत्तर: अगं, आहे, पण शनिवारी संध्याकाळी नाही. शनिवारी संध्याकाळी तू फक्त लोकांचे कोट बघशील. आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी सकाळी साडेदहा-अकराला जा, आणि एकदा अंधार पडल्यावर साडेचार-पाचला, ऑफिसं सुटायच्या आधी. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी चालू होतं, तेव्हा सोनेरी केसांची क्रिस्टकिंड, म्हणजे देवदूताच्या वेशातली मुलगी, चर्चच्या सज्जातून कविता म्हणून उद्घाटन करते, आणि 24 तारखेला दुपारी आवरतं. 25 आणि 26 ला गाव कुलूप लावून बसतं, त्या दोन दिवसांचं घरात भरून ठेव. वाळवलेल्या प्लमची बाहुली-माणसं मिळतात, आईला आवडतील. गरम वाइनच्या मगाचं डिपॉझिट घेतात, मग परत केलास की पैसे मिळतात, नाही केलास तर मग तुझा. बाबा घेत नसतील तर किंडरपुन्श, मसाल्याचं फळांचं गरम पेय.

घरी न्यायला लेबकुखन, म्हणजे मसाल्याचं मऊ बिस्किट, पण कुठलंही नाही, एलिझेनलेबकुखनच घे. त्यात कमीत कमी 25 टक्के बदाम-अक्रोड-हेझलनट आणि मैदा असलाच तर 10 टक्क्यांच्या वर नाही, असा नियमच आहे. दालचिनी, लवंग, वेलची, म्हणजे वास ओळखीचा, हे मसाले व्हेनिसमार्गे या गावात यायचे आणि त्यावर इथले व्यापारी गब्बर झाले. सुपरमार्केटच्या पिशवीतलं स्वस्त असतं ते बऱ्याचदा मैद्याचं, फरक एका घासात कळतो. अंडं असतं, आजीला देताना सांग. चॉकलेटचं कोटिंग भारतातल्या उन्हात वितळतं, साखरेचं किंवा बिनकोटिंगचं घे.

प्रश्न: तिसरा दिवस हाताशी असेल तर रोटेनबुर्ग की बांबेर्ग? — वाचक, कोल्हापूर

उत्तर: बांबेर्ग. रोटेनबुर्ग सुंदर आहे, पण गाड्या बदलत जावं लागतं आणि दुपारी बसेस भरून लोक येतात. बांबेर्गला रिजनल गाडी तासाच्या आत पोचते आणि 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जुनं टाउन हॉल नदीच्या मधोमध आहे, वर बिशपच्या वाड्यामागे गुलाबांची बाग, फुलं जूनमध्ये. आणि श्लेंकेर्ला नावाच्या जुन्या खानावळीत धुरावर सुकवलेल्या माल्टची बिअर, राउखबिअर. पहिला घोट स्मोक्ड मांसाचाच वाटतो, बिअरमध्ये मांस नाहीये, शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. तिथले लोक म्हणतात तिसऱ्या ग्लासापासून आवडायला लागते, तुम्ही अर्ध्या लिटरवर थांबलात तरी चालेल. शनिवारी जात असाल तर न्युरेंबर्ग विभागाचं दिवसाचं तिकीट घ्या, शनिवारी काढलेलं रविवारीही चालतं आणि त्यात ट्राम-मेट्रोसुद्धा येते, मशीनवर सगळ्या झोनचं निवडायला मात्र विसरू नका.